‘मशाल’मध्ये दाखवले आहे तसे बडे लोक पत्रकाराला खरोखरच रस्त्यावर आणतात का?

आपण विचारले आहे की, ‘मशाल’ या हिंदी चित्रपटातला वर्धन हा बडा माणूस विनोदकुमार या पत्रकाराला ज्या रीतीने बेघर करतो तसे प्रत्यक्षात घडते का, आणि असा चित्रपट पाहून पत्रकारितेत यावे का. बीड जिल्ह्यातील एका तालुक्यातून मी अकरा वर्षे बातम्या पाठवल्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न वाचून नुसते पुढे जाणे मला जमले नाही.

यश चोप्रांचा १९८४ चा हा चित्रपट वसंत कानेटकरांच्या ‘अश्रूंची झाली फुले’ या नाटकावर आधारलेला आहे. नाटकातला विद्यानंद प्राध्यापक आहे. चित्रपटात त्याच्या जागी पत्रकार आला. चित्रपटातली हाणामारी मला पटत नाही. परंतु विनोदकुमार झालेला दिलीपकुमार रात्रीच्या सुनसान रस्त्यावर वेदनेने तळमळणाऱ्या पत्नीसाठी एकेका गाडीपुढे हात पसरतो आणि एकही गाडी थांबत नाही, तो प्रसंग मात्र अक्षरशः खरा आहे. बड्या माणसाला बहुधा हात उचलावाच लागत नाही. पत्रकारासाठी कोणी थांबणार नाही एवढी तजवीज त्याने केली की पुरते.

२०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या भागातील एका गावाला कागदोपत्री रोज टँकरच्या तीन खेपा मिळत होत्या आणि गावाच्या विहिरीत प्रत्यक्षात एकच खेप रिकामी होत होती. खेपांच्या नोंदवहीवर गावातल्या बायकांच्या सह्या घेतल्या जात. मी दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात त्या वहीच्या प्रती मागितल्या; तीस दिवसांची मुदत उलटून गेल्यावर अपील केले, तेव्हा कोठे त्या हाती पडल्या. त्यांत एका वृद्ध बाईंची वळणदार सही सलग दोन महिने, रोज तीन वेळा, केलेली होती. मी तो कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, “बाबा, मला कुठं लिवता येतंय? मी तर अंगठाच लावते.” एप्रिलमध्ये ती बातमी जिल्ह्याच्या पानावर चार कॉलमी लागली.

मला कोणी मारले नाही, धमकीचा फोनही आला नाही. तालुक्याच्या वार्ताहराचे मानधन नाममात्र असते आणि त्याचे घर चालते ते जाहिरातींच्या कमिशनवर. वाढदिवसाच्या शुभेच्छांपासून पुरवण्यांपर्यंत सगळ्या जाहिराती ज्यांच्याविरुद्ध लिहायचे त्यांच्याकडूनच गोळा कराव्या लागतात, ही या धंद्यातली खरी मेख आहे. त्या वर्षी मला एकही जाहिरात मिळाली नाही. जाहिरातींचे उद्दिष्ट पूर्ण केले नाही असे कारण देऊन दिवाळीनंतर वृत्तपत्राने माझे काम दुसऱ्याकडे सोपवले. मोंढ्यातल्या ज्या हॉटेलात माझ्यासाठी खुर्ची सरकवली जाई, तेथे मी बसलो की ओळखीची माणसे उठून जाऊ लागली.

यापेक्षा मोठा घाव माझ्या थोरल्या बंधूंवर पडला. टँकरच्या ठेकेदाराच्या नात्यातल्या एका संस्थेच्या शाळेत ते शिक्षक होते. निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना, गुडघ्यांनी त्रस्त असलेल्या या माणसाची त्या जूनमध्ये नव्वद किलोमीटर दूरच्या शाखेत बदली झाली. “बातमी तुझी आणि किंमत माझी,” असे ते म्हणाले. पुढे ‘मशाल’ दूरचित्रवाणीवर लागला तेव्हा, विनोदकुमारची बायको त्याच्या हट्टापायी मेली, असा निकालही त्यांनी देऊन टाकला. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.

दादा चुकत आहेत, असे मी येथेही स्पष्टपणे लिहितो. बदलीचा आदेश बातमीने काढला नाही. त्याखाली ज्याची सही होती त्याने तो काढला. बातमीनंतर उरलेला उन्हाळाभर त्या गावाच्या विहिरीत तिन्ही खेपा उतरल्या, हे मी स्वतः जाऊन पाहिले आहे. कुटुंबाला झळ लागते म्हणून गप्प बसावे, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या विहिरीवर रांगेत उभे राहणाऱ्या बायकांचे कुटुंब कोणते, तेही सांगावे.

आपण या व्यवसायात जरूर या; परंतु जाहिराती गोळा करण्याची अट असलेले काम पत्करू नका आणि मूळ कागदाची प्रत घराबाहेर दुसऱ्या ठिकाणी ठेवा. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला असून त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, पण जाहिरात बंद करणे किंवा भावाची बदली करणे हा त्यात गुन्हा ठरत नाही. मारहाण होतच नाही असाही माझ्या लिहिण्याचा अर्थ कृपया घेऊ नका. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेच्या लोकांनी, २२ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादेत हत्या केली, त्यांचा हातही तोडला, निजामाच्या राज्यात राहिलेल्या आमच्या मागच्या पिढीने हे जवळून अनुभवले आहे.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. ती संस्था कोणाच्या नात्यातली आहे हे बातमी पाठवताना मला ठाऊक होते. दादा त्या रात्री शेजारच्याच खोलीत वह्या तपासत बसले होते, आणि मी त्यांना काहीही सांगितले नाही. बातमी त्यांनी सकाळी बसस्थानकावर, दुसऱ्याच्या हातातल्या अंकात वाचली. त्यांचा राग बदलीपेक्षा याच गोष्टीचा अधिक आहे असे मला अलीकडे वाटते, आणि तेवढ्यापुरते त्यांचे म्हणणे मला मान्य आहे.