बदलता येत नाही ते आधी जप

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

आपली खासगी माहिती जपण्याबद्दल तू पत्रात जे लिहिलं आहेस, त्यातल्या दोन वाक्यांपाशी मी थांबले. "माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" हे एक. आणि चार ओळींनंतर, "तसंही सगळं कधीच बाहेर गेलंय, आता जपून काय उपयोग?" मला दोन्ही पटली नाहीत. का ते सविस्तर लिहिते, कारण तुझ्या वयाची हुशार मुलं हेच बोलताना मी सतत ऐकते आणि दरवेळी जीव खालीवर होतो.

आमच्या तरुणपणी टेलिफोन डिरेक्टरी नावाचं जाडजूड पुस्तक असायचं. नाव, पत्ता, नंबर, सगळं छापील आणि कुणालाही उघडून बघता येईल असं. त्याचं कुणाला काही वाटत नसे. म्हणजे आम्ही तरी कुठे जपत होतो, असं तू विचारशील. खरंय, जपत नव्हतो, कारण तशी वेळच येत नसे. नावावरून नंबर सापडायचा, पण नंबरावरून नाव शोधायचं तर अख्खं पुस्तक चाळावं लागायचं. दवाखान्याचे कागद दवाखान्यात, बँकेचे बँकेत, शाळेचे शाळेत. ते एका जागी आणायचे तर कुणाला तरी जिने चढावे लागत, ओळखी काढाव्या लागत, दिवस मोडावे लागत. त्या खटाटोपापायीच आमची माहिती सुरक्षित राहिली. संगणक आले आणि तो खटाटोपच उरला नाही.

हे कसं घडतं याचं एक उदाहरण मी शिकवताना नेहमी देते. 1990च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या. नावं, पत्ते काढून टाकले होते, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड तेवढे ठेवले होते, त्यामुळे सगळे निश्चिंत. लटान्या स्वीनी तेव्हा तिथल्याच एमआयटी या विद्यापीठात शिकत होत्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड त्याच राज्यातल्या केंब्रिज शहरात राहतात हे सगळ्यांना माहीत होतं. स्वीनींनी 20 डॉलर भरून त्या शहराची मतदारयादी घेतली. वेल्ड यांच्या जन्मतारखेची माणसं यादीत निघाली सहा. त्यातले पुरुष तीन. आणि त्यांच्या पिनकोडमध्ये राहणारा एकच. गव्हर्नरांच्या आजारपणाची नोंद स्वीनींच्या हातात आली. पुढे 2000 साली त्यांनी मांडलं की 1990च्या जनगणनेनुसार अमेरिकेतले सुमारे 87 टक्के लोक पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवरून वेगळे ओळखता येऊ शकतात. आता मला सांग, या तिन्हींत लपवण्यासारखं काय आहे? कुणीही विचारलं तर आपण सहज सांगतो. धोका त्या एकत्र येण्यात आहे.

विशीत कुणी कितीही सांगितलं तरी अंगाला न लागणारी गोष्ट म्हणजे पुढचा काळ. आज तुझं आजारपण नाही, कोर्टकचेरी नाही, मुलंबाळं नाहीत, कुणाशी वाकडं नाही. ते सगळं पुढे येतं, आणि तेव्हा आज दिलेली माहिती ज्याच्या त्याच्या हातात तशीच असते. फोनचं लोकेशन तू आज ज्या मैत्रीतून उघडं ठेवलं आहेस, ती मैत्री पाच वर्षांनी कशी असेल हे तुलाही सांगता येणार नाही आणि मलाही. लोकेशन कुणाकुणाला दिसतं ती यादी रोज बघ असं मी म्हणत नाही. वर्षातून एकदा, वाढदिवसाला म्हण, बसून बघ की कोणाकोणाला आपण दिसतो.

माणसांचं जे, तेच कंपन्यांचं. ट्वेन्टीथ्री-अँड-मी या जनुकीय तपासणी करणाऱ्या कंपनीकडे लाखो लोकांनी हौसेने आपली लाळ पाठवली. 2023 साली तिथे चोरी झाली. चोरांनी थेट उघडलेली खाती साधारण 14 हजारच होती, तीही लोकांनी दुसरीकडचाच पासवर्ड इथे वापरल्यामुळे उघडली. पण त्या खात्यांतून नातेवाईक शोधण्याच्या सोयीमार्फत सुमारे 69 लाख लोकांची माहिती गेली. म्हणजे ज्यांचा पासवर्ड शाबूत होता तेही सापडले. मार्च 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि साठवलेली माहिती कुणाच्या ताब्यात जाणार हा प्रश्न कोर्टापुढे गेला. लाळेची नळी भरताना यातलं काही कुणाच्या मनातही आलं नसेल.

आता तुझं दुसरं वाक्य. सगळं बाहेर गेलंय, हे मी अर्धं मान्य करते. याहू या ईमेल देणाऱ्या कंपनीतली 2013ची चोरी तीन अब्ज खात्यांची होती, हे कंपनीने 2017 मध्ये कबूल केलं. तेव्हा तुझी काही ना काही माहिती कुठल्या तरी चोरीत गेली असणार, हे धरूनच चाल. पण गेलेली प्रत्येक गोष्ट सारखी नसते. पासवर्ड गेला तर बदलता येतो, कार्ड गेलं तर नवं मिळतं. जन्मतारीख, बोटांचे ठसे, आईचं माहेरचं आडनाव ही काही बदलून मिळत नाहीत. म्हणून जे बदलता येत नाही ते देताना हात आखडता घे. वाढदिवसाची सूट देणाऱ्या ॲपला खरी जन्मतारीख कशाला हवी? खातं परत मिळवण्यासाठी 'पहिली शाळा कोणती' असं विचारतात, तिथे खरं उत्तर देणं बंधनकारक नसतं. काहीही असंबद्ध उत्तर दे आणि ते पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड कुलूपबंद साठवणाऱ्या ॲपमध्ये, नोंदवून ठेव. (बँकेत आणि सरकारी कागदांवर अर्थातच खरंच लिहायचं.)

पासवर्डबद्दल मोठ्यांनी तुला जे शिकवलं त्यातलं बरंचसं आता सोडून दे. एक कॅपिटल अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, दर तीन महिन्यांनी बदल, हा सगळा जाच 2003च्या एका अमेरिकी मार्गदर्शिकेतून जगभर पसरला. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी 2017 मध्ये त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी ती मार्गदर्शिका काढणारी एनआयएसटी ही अमेरिकेची मानकं ठरवणारी सरकारी संस्था स्वतःच त्या नियमांपासून मागे हटली. लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवत राहतात, हे सगळ्यांना दिसत होतं. लांब पासवर्ड, प्रत्येक ठिकाणी वेगळा, आणि सोय असेल तिथे पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनेच खातं उघडणं. एवढं पुरतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल तू जरा चिडून लिहिलं आहेस, की ते कुणाच्याही फोनला फसतात. तो फोन कसा येतो ते एकदा नीट ऐक. समोरचा माणूस आधी काहीच विचारत नाही. तोच सांगतो: तुमचं पूर्ण नाव हे, जन्मतारीख ही, कार्डाचे शेवटचे चार आकडे हे, बरोबर ना? ऐकणारा तीनदा 'हो' म्हणतो. ज्यांचं आयुष्य ओळखीवर विश्वास ठेवण्यात गेलं, त्यांना इतकं माहीत असणारा माणूस आपलाच वाटतो. मग ओटीपी मागितला जातो. त्याला ती माहिती मिळाली कुठून? तू 'गेलंच आहे' म्हणून सोडून दिलेल्या ढिगातूनच. त्यांना ओरडू नकोस. ओरडलं की पुढच्या वेळी फसले तरी ते सांगणार नाहीत, आणि पैसे अडवण्यासाठी पहिले काही तासच हातात असतात. त्यांना एकच सवय लाव: समोरच्याला कितीही माहीत असो, फोन ठेवायचा आणि कार्डामागच्या नंबरावर आपण लावायचा.

माझ्या वयाला आणखी एक चिंता असते, तिचा तुला अजून विचार करावा लागलेला नाही. इतकी वर्षं दारं बंद कशी ठेवायची ते शिकले, आता माझ्यानंतर ती योग्य माणसाला उघडता यावीत हे बघते. गूगलने 2013 पासून आणि ॲपलने 2021 पासून तशी सोय दिली आहे. आपल्यामागे खातं कुणाच्या हाती जावं त्याचं नाव आधीच नोंदवता येतं. मी माझं केलं. तुझ्या आईबाबांना याबद्दल विचार, आणि हा विषय काढायला आजारपणाची वाट पाहू नकोस.

शेवटी लिहिलं आहेस की तू नंबर बदलते आहेस. सोडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या कुणाला तरी देते, आणि तुझे ओटीपी त्याच्या फोनवर जायला लागतात. तेव्हा जुनं सिम चालू असतानाच बँक, ईमेल, मेसेजिंग, सगळीकडे नवा नंबर घाल. ईमेलपासून सुरुवात कर, कारण बाकीच्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. झालं की कळव.

तुझी,
मावशी