पहिल्यांदाच रुग्णालयाच्या उपकरणांचा निधी वाटताय?

अभिनंदन, आणि घाबरू नका. परळ काय, गोवंडी काय, पहिल्या वर्षी बहुतेक जण एकच चूक करतात: मोठं, चकचकीत मशीन आधी. तुम्ही आधी लेबर रूममध्ये एक रात्रपाळी काढा. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटातच श्वास द्यावा लागतो. तिथे अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि नवजात बाळाच्या मापाचा मास्क हाताशी आहे का, तो चिरलेला तर नाही ना, ते बघा. मग बाळाला ऊब देणारा रेडियंट वॉर्मर, रक्तातला ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर, काविळीसाठी फोटोथेरपी, म्हणजे प्रकाशाने उपचार करणारं यंत्र. व्हेंटिलेटरचा विषय सध्या नको.

नुसत्या किमतीवर जाऊ नका. वॉरंटीनंतरचा देखभाल करार, प्रोब, सेन्सर (बाळाच्या अंगाला लावायचे, मोजमाप घेणारे भाग) यांचे पैसे त्याच वेळी बाजूला काढा. आमच्याकडे एक वॉर्मर साध्या स्किन प्रोबपायी आठ महिने चादर पांघरून उभा होता. त्यावर चक्क फायली ठेवायचे!

आणि हो:
- बंद पडलेल्या मशीनची यादी आधी करा. दुरुस्ती बऱ्याचदा स्वस्त पडते.
- सिस्टर्सना विचारल्याशिवाय मागणीपत्र नाही.
- 31 मार्चच्या घाईत नको ते घेतलं जातं.

जागा आणि प्लग पॉइंट मोजूनच ऑर्डर द्या. निविदेच्या अटींचं नंतर बोलू.