आधी जुनी फिल्म शोध

लेकी,

तुझं पत्र वाचलं, रिपोर्टचे फोटोही पाहिले. तुझ्या स्कोलिओसिसचा, म्हणजे कणा बाजूला वाकण्याचा, छातीतला बाक 2019 मध्ये 42 अंश, आता 49. सात अंश वाढला म्हणून ऑपरेशन करा असं डॉक्टर म्हणाले, घरचे म्हणतात लग्नाआधी उरकून टाकू, आणि तुझी पूर्वपरीक्षा तोंडावर आलीय. ऑपरेशन करायचं की नाही हे तूच ठरवणार. पण ज्या सात अंशांवर हे सगळं उभं आहे, ते खरे आहेत का, हे आधी बघू.

तुझी 2019ची एक्स-रे फिल्म झोपवून काढलेली आहे, कोपऱ्यात तसं लिहिलंय. लातूरची नवी फिल्म उभं करून काढलीय. झोपलं की अंगाचा भार मणक्यावरून उतरतो आणि बाक आपोआप थोडा उघडतो. एवढ्यानेच पाच-दहा अंशांचा फरक पडू शकतो. शिवाय हा कोन मोजतात तो बाकाच्या दोन टोकांचे सर्वांत कललेले मणके धरून. एकाने वरचा सहावा मणका धरला, दुसऱ्याने पाचवा, की आकडा बदलला. एकाच फिल्मवर दोन जाणकारांत पाच अंशांचा फरक निघणं ही रोजची गोष्ट आहे. म्हणजे तुझा बाक वाढलाय की जागच्या जागी आहे, हे या दोन कागदांवरून सांगताच येत नाही. कपाटात, शाळेच्या फायलीत, मामाकडे, कुठेही उभ्याने काढलेली जुनी फिल्म असेल तर शोध. मिळाली तर दोन्ही एकाच माणसाकडून, तेच मणके धरून मोजून घे. नाही मिळाली, तर लातूरची फिल्म ही तुझी पहिली फिल्म समज आणि वर्षाने दुसरी काढ. दर तीन महिन्यांनी काढू नकोस, तेवढ्यात काही कळत नाही आणि किरणं मात्र अंगावर पडतात.

काढताना: पाय अनवाणी, गुडघे ताठ, केस वर बांधलेले, कवटीच्या तळापासून दोन्ही खुब्यांपर्यंत सगळं एका फिल्मवर. आणि बाजूची फिल्म मागून घे, हात पुढे वाकवून मुठी गळपट्टीच्या हाडावर ठेवून. ती बरेच जण काढतच नाहीत. मोठेपणी दुखणं किती, हे बाजूच्या वाकण्यापेक्षा धड पुढे झुकलंय का यावर जास्त ठरतं. मानेच्या शेवटच्या मणक्यापासून सोडलेला ओळंबा त्रिकास्थीच्या (कमरेच्या मणक्यांखालच्या हाडाच्या) वरच्या मागच्या कोपऱ्यापुढे पाच सेंटीमीटरहून जास्त पडत असेल, तर त्याला महत्त्व द्यायचं.

आता आकड्यांचा अर्थ. हाडांची वाढ थांबल्यावर 30 अंशांच्या आतला बाक सहसा वाढत नाही. छातीचा बाक 50च्या पुढे असला तर वर्षाला साधारण एक अंश, कधी त्याहून कमी, असा सरकत राहू शकतो. पंचविशीत 50 असेल तर पन्नाशीत 75 होण्याची शक्यता धरायची. फुप्फुसांवर भार येतो तो बराच पुढे, 70-80 अंश ओलांडल्यावर. 100च्या पुढे तो गंभीर होतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात उपचार न घेतलेल्या अशा माणसांची 50 वर्षं पाहणी झाली, 2003 मध्ये ती प्रसिद्ध झाली. बहुतेकांनी कामधंदा, संसार नीट केला. पाठदुखी मात्र इतरांपेक्षा जास्त होती आणि दिसण्याची खंतही होती. तेव्हा 'आत्ता केलं नाही तर अंथरुणाला खिळशील' असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते तुझ्या आकड्यांना धरून नाही.

उलट बाजूही ऐक. थांबण्याची किंमत असते. वय वाढतं तसा बाक ताठर होतो, हाड ठिसूळ होतं, जास्त मणके जोडावे लागतात, गुंतागुंत वाढते. उभ्याच्या दोन फिल्मांवर पाच अंशांहून जास्त वाढ खरीच दिसली आणि आकडा 50 ओलांडला, तर विशी-तिशीतच करून घेणं शहाणपणाचं, असं मी म्हणेन. चाळिशीवर ढकलू नकोस.

तू कंबर दुखते म्हणून ऑपरेशनचा विचार करतेयस, तिथे मात्र मी अडतो. अभ्यासिकेत आठ-आठ तास बसून सरळ पाठीच्या मुलींचीही कंबर दुखते. मणके जोडणं हा दुखण्यावरचा हमखास उपाय नाही. स्कोलिओसिसचे व्यायाम शिकलेल्या फिजिओकडे सहा महिने मनापासून जा. बाक सरळ होणार नाही, दुखणं बऱ्यापैकी उतरू शकतं. दर चाळीस मिनिटांनी उठ. आणि मणके 'बसवून' देणाऱ्याच्या हाती पाठ देऊ नकोस. तुझ्या वयात पट्ट्यानेही बाक सुटत नाही, तेव्हा त्यासाठी पैसे घालवू नकोस.

दिसण्यासाठी करायचं असेल तर त्यात लाज कसली? फक्त ते तुला हवंय की स्थळ बघायला येणाऱ्यांना, हे एकदा स्वतःशी स्पष्ट कर. खांदे, कंबर बऱ्यापैकी समेवर येतात, उंची थोडी वाढते. पाठीवरचा बरगड्यांचा उंचवटा कमी होतो, पण पूर्ण जाईलच असं नाही. आणि मणके जोडतात तेवढ्या लांबीचा व्रण राहतो. बाळंतपणाला अडथळा नसतो. कमरेचे मणके जोडलेले असतील तर सिझेरियनच्या वेळी पाठीतली भूल देणं अवघड जातं, म्हणून ऑपरेशननंतरची फिल्म जपून ठेवायची.

ऑपरेशनमध्ये पाठीमागून जोडायच्या मणक्यांत स्क्रू बसवतात, त्यांना दोन सळया जोडून बाक शक्य तेवढा सोडवतात, आणि हाडाचा चुरा घालून ते मणके एकजीव होऊ देतात. सळ्यांचं काम हाड जुळेपर्यंत धरून ठेवायचं. हाड जुळलंच नाही तर वर्षा-दोन वर्षांनी सळई तुटते, मग पुन्हा टेबलावर. न जुळण्याचं एक मोठं कारण निकोटीन. घरात तुझ्यासह कुणी मिश्री लावत असेल तर हसू नकोस, मिश्री तंबाखूचीच असते. निदान सहा आठवडे आधीपासून बंद, आणि हाड जुळेपर्यंत बंदच. डी जीवनसत्त्वही तपासून घे.

सर्जनला विचारायचा पहिला प्रश्न: वरून कुठून, खाली कुठपर्यंत? छातीचे मणके मुळात फार वाकत नाहीत, ते जोडले तरी फारसं जाणवत नाही. खरी किंमत कमरेत मोजावी लागते. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यावर थांबले तर मांडी घालून जेवणं, खाली बसणं सहसा जमतं. चौथ्या-पाचव्यापर्यंत गेले तर खुरपणं, कापूस वेचणं, देशी संडासात बसणं जड जातं. कटीच्या हाडापर्यंत गेले तर पायाची नखं कापायलाही युक्ती काढावी लागते. तुझा कमरेचा बाक छातीच्या बाकामुळे तोल सांभाळायला आलेला दिसतो. तुला बाजूला वाकवून काढलेल्या फिल्मांत तो सुटत असेल तर तो सोडून देता येतो. या फिल्मा न काढता खालची हद्द ठरवणाऱ्याचं मत पक्कं धरू नकोस.

पुढचे प्रश्न: वर्षाला मोठ्या माणसांची अशी किती ऑपरेशनं करता? चालू असताना मज्जारज्जूचं मॉनिटरिंग असतं का, आणि तंत्रज्ञ तुमचा की बाहेरून येतो? मज्जारज्जूत पाणी साठलंय का, खाली तो अडकलाय का, हे बघायला एमआरआय केला का? मज्जारज्जूला इजा क्वचित होते, पण होते. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, रक्ताच्या गुठळ्या हेही आहेच. यातलं काही विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे करू नये.

पैशाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड, आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला नेमकं ऑपरेशन सांगून विचार: पॅकेजमध्ये आहे का, याच दवाखान्यात आहे का? काही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांपुरत्याच राखीव असतात. खाजगीत अंदाजपत्रक लेखी घे, त्यात स्क्रू-सळया, मॉनिटरिंग, आयसीयू, रक्त यांचे आकडे वेगवेगळे लिहायला लाव. दुसरं मत घ्यायला घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात जा, नाहीतर देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठ. पहिल्या डॉक्टरला वाईट वाटेल याची काळजी नको.

करायचं ठरलं तर वैशाखात नको. आपल्याकडच्या 42 अंशांच्या उन्हात ताजी जखम घामाने भिजते. दिवाळीनंतरचा काळ धर, घरची वेचणी-काढणी बघून, कारण सहा आठवडे एक माणूस तुझ्यापाशी लागेल. दुसऱ्या दिवशीच उठवून बसवतात, आठवड्याभरात घरी सोडतात. तीन महिने चार-पाच किलोंच्या वर उचलायचं नाही; भरलेली घागर त्याच्या दुपटीहून जड असते, हे आईला आधीच सांगून ठेव. अभ्यासाला दोन-तीन महिन्यांनी बसशील, तेही तुकड्या-तुकड्यांनी. म्हणून पूर्वपरीक्षा आधी देऊन टाक.

हे सगळं सावकाशीचं. पण पायात कमजोरी आली, चालताना तोल जाऊ लागला, लघवी-संडासचा ताबा गेला किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर परीक्षा नाही, दिवाळी नाही, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा.

जुनी फिल्म सापडली की खिडकीच्या उजेडात धरून फोटो काढ, फ्लॅश बंद ठेवून, आणि चारही कोपरे दिसू देत. तारीख अशाच एखाद्या कोपऱ्यात असते.

तुझा काका