सेल मारायची घाई नको

पंचवटीतल्या वाड्यात वर्षानुवर्षं उभी असलेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट गाडी, मिळतेय म्हणून हुरळून जाऊ नकोस. आधी आरसी बुक माग आणि गाडीवर कोरलेला चेसिस नंबर त्याच्याशी स्वतः ताडून बघ. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. मूळ मालक हयात नसेल तर वारसांची कागदपत्रं आधी, पैसे नंतर.

मग मॅट उचल. या गाडीला वेगळी चेसिस फ्रेम, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे फ्लोअर आणि दाराखालच्या पट्ट्यांत स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. पापुद्रे सुटून आरपार गेला, तर इंजिन कितीही गोड असू दे, पत्र्याचं काम खिसा रिकामा करणार. वरच्या चकचकीत रंगाला भुलू नकोस, खाली पुट्टी असते.

इंजिनाचं त्यामानाने सोपं आहे. 1089 सीसीचा साधा कारभार! पण बॅटरी जोडून लगेच सेल (स्टार्टर) मारलास तर पिस्टनच्या चिकटलेल्या रिंगा सिलिंडर ओरबाडतील. चारही स्पार्क प्लग काढ, प्रत्येक भोकात थोडं ऑईल सोड, दोन दिवस थांब. मग इंजिन फिरवायचं हँडल लावून हाताने हळू फिरव. अडलं तर जोर करू नकोस, पुन्हा ऑईल. टाकीतलं जुनं पेट्रोल, इंजिन ऑईल, रबरी पाइप सगळं बदल. वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असणारच.

ब्रेकचे व्हील सिलिंडर, म्हणजे चाकातले ब्रेक दाबणारे छोटे सिलिंडर, जाम असतात. ते दुरुस्त होईपर्यंत गाडी टो करूनच ने, उतारावर ढकलून नाही.