अपडेटनंतर ‘आचाऱ्यां’चे ‘आचार्य’ झाले

प्रश्न : फोंड्यात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. जत्रेची पत्रकं, नाटकांची हँडबिलं, चवथीच्या आधी आरत्यांच्या पुस्तिका अशी कामं असतात. संगणकावर उबुंटू २२.०४ ही (लिनक्सची) ऑपरेटिंग सिस्टीम आहे. फोनेटिक कळफलकात ‘ऱ’ हाताशी नव्हता, म्हणून मित्राकडून सिस्टीममधल्या कळफलकाच्या फाइलमध्ये दोन ओळी बदलून घेतल्या होत्या. परवा अपडेट केलं आणि त्या ओळी गेल्या. मदतीला असलेल्या मुलीने घाईत साधा ‘र’ वापरला, आणि देवस्थानच्या पत्रकात महाप्रसाद रांधणाऱ्या ‘आचाऱ्यांचे आभार’ऐवजी ‘आचार्यांचे आभार’ छापून गेलं. पाचशे प्रती! फाइलला कुलूप घालता येतं म्हणे. घालू का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : कुलूप घालू नका. ते मी एकदा करून बसलोय. म्हापशातल्या एका वाचनालयाचा संगणक माझ्याकडे होता. अशीच एक फाइल मी ‘चॅटर’ आज्ञेने गोठवून टाकली आणि निश्चिंत झालो. पुढच्या अपडेटला डीपीकेजी (उबुंटूत सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्राम) ती फाइल बदलायला गेला, त्याला परवानगी मिळाली नाही आणि पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा तो गठ्ठा, अर्धवट लटकलं. त्यानंतरचं प्रत्येक अपडेट तिथेच अडकायचं. महिनाभर त्या संगणकाला सुरक्षेची एकही दुरुस्ती मिळाली नाही. कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही, कारण कळफलक मात्र उत्तम चालत होता.

तुमची फाइल ‘/यूएसआर/शेअर’खाली आहे. ‘/यूएसआर’मधलं (त्यातला ‘लोकल’ हा फोल्डर सोडून) सगळं पॅकेजच्या मालकीचं असतं. नवी आवृत्ती आली की तिथली फाइल न विचारता बदलली जाते. ‘/ईटीसी’चं तसं नाही. तिथल्या सेटिंगच्या फाइलींची मूळ खूण डीपीकेजी जपून ठेवतो. फाइल तुम्हीही बदलली असेल आणि पॅकेजनेही नवी आणली असेल, तर तो थांबून विचारतो. नुसतं एंटर दाबलं की तुमचीच फाइल राहते आणि नवी तिच्या शेजारी ‘.डीपीकेजी-डिस्ट’ असं शेपूट लावून ठेवली जाते. नवी घेतलीत, तर तुमची ‘.डीपीकेजी-ओल्ड’ नावाने उरते. घाई नसेल तेव्हा आधी ‘डी’ दाबा, दोन्हींतला फरक ओळीनिशी दिसतो. हा प्रश्न आला की लोक घाबरून खिडकीच बंद करतात. तसं अजिबात करू नका, अपडेट अर्ध्यावर तुटतं.

तुमच्या कामाला मात्र ‘/ईटीसी’चीही गरज नाही. कळफलकाची मांडणी वाचणारं ‘लिबएक्सकेबीकॉमन’ तुमच्या होम फोल्डरातल्या ‘.कॉन्फिग/एक्सकेबी’मध्येही बघतं. त्यात ‘सिम्बॉल्स’ नावाचा फोल्डर करा आणि आपला कळफलक वेगळ्या नावाने तिथे ठेवा. अख्ख्या फाइलची नक्कल करू नका. मूळ फोनेटिक मांडणी ‘इनक्लूड’च्या एका ओळीने आत घ्या आणि खाली फक्त तुमच्या ‘ऱ’ची ओळ लिहा. सेटिंगच्या यादीत तो दिसावा म्हणून शेजारच्या ‘रूल्स’ फोल्डरात ‘ईव्हीडेव्ह.एक्सएमएल’ ही छोटी फाइल लागते. मित्राला एवढं सांगितलं की तो अर्ध्या तासात करून देईल. होम फोल्डरातल्या या फाइलींना अपडेट हात लावत नाही.

अट एकच, लॉगिन वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या यंत्रणेवर) हवं. सेटिंग्जमध्ये संगणकाची माहिती असते तिथे ‘विंडोइंग सिस्टीम’ या ओळीत ते कळतं. तिथे एक्स११ (तीच जुनी यंत्रणा) दिसलं, तर ‘डीपीकेजी-डायव्हर्ट’ वापरा. या आज्ञेने पॅकेजला सांगता येतं की या नावाची फाइल यापुढे दुसऱ्या नावाने ठेव. मग मूळ जागी तुमची फाइल सुखाने नांदते आणि अपडेटही अडत नाही. पण कळफलकात पुढे झालेल्या दुरुस्त्या त्या बाजूच्या फाइलमध्येच राहतात, त्या अधूनमधून स्वतः बघाव्या लागतील.

‘एप्ट-मार्क होल्ड’ने पॅकेजच रोखून धरा, असंही कुणी सुचवेल. त्यात त्या पॅकेजच्या सगळ्याच दुरुस्त्या थांबतात. मला ते पटत नाही.

‘ईटीसीकीपर’ मात्र आजच बसवा. प्रत्येक अपडेटच्या आधी आणि नंतर तो ‘/ईटीसी’ची नोंद गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात) ठेवतो. प्रिंटरची सेटिंग्ज कधी बिघडली, तर कुठे काय बदललं ते सापडतं.

त्या मुलीला मात्र बोलू नका. रफार आणि अर्धा ‘ऱ’ यांतला फरक प्रुफात एका नजरेत निसटतो. आपल्याकडे तर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ दोन्ही रोजचे. इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक) शिकण्याची तिची तयारी असेल तर तिथे शिफ्ट आणि ‘जे’ दाबलं की ‘ऱ’ येतो, मग हलन्त आणि ‘य’. कोणतीच फाइल बदलावी लागत नाही, आणि दुसऱ्या दुकानातल्या संगणकावरही तिचा हात तसाच चालेल. तोपर्यंत अपडेट झालं की पहिलं काम घेण्याआधी तिला ‘आचाऱ्यांचे, गावकऱ्यांनी, दुसऱ्या दिवशी’ एवढी एक ओळ टाइप करून कागदावर काढायला सांगा.