धुकं काढायचं की ठेवायचं?

प्रश्न : धुक्याचे फोटो काढायला तीन वेळा पहाटे उठून गेलो. डोळ्यांना दिसतं ते सुंदर, पण फोटो मात्र करडा, मळकट. ऑटोफोकस नुसता पुढेमागे करत राहतो. घरी येऊन एडिटिंगमध्ये 'डीहेझ' (धुरकटपणा कमी करणारा स्लायडर) वाढवलं की धुकं जातं आणि उरतं ते घाणेरडं दिसतं. माझं चुकतंय कुठे?
– एक वाचक

उत्तर : धुक्यासाठी पहाटे उठलात आणि घरी येऊन तेच पुसत बसलात! डीहेझकडे नंतर येतो.

आधी करडेपणा. कॅमेऱ्याचं मीटर, म्हणजे प्रकाश मोजणारी यंत्रणा, समोरचं दृश्य सरासरी मध्यम करडं आहे असं धरून चालतं. धुकं त्याहून बरंच उजळ असतं, म्हणून मीटर त्याला खाली ओढतं. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ यावा ते कमी-जास्त करणारी सेटिंग) +१ वर ठेवून सुरुवात करा. दाट धुक्यात मी +१.३ पर्यंत जातो. हिस्टोग्रामचा (फोटोतल्या गडद-उजळाच्या आलेखाचा) ढीग उजवीकडे, म्हणजे उजळ बाजूला, सरकलेला हवा, पण उजव्या भिंतीला चिकटलेला नको. ऑटोफोकसला कॉन्ट्रास्ट लागतो आणि धुक्यात नेमका तोच नसतो. जवळच्या खोडाची कड पकडून फोकस करा आणि मग मॅन्युअलवर टाका. फ्लॅश बंदच ठेवा, नाहीतर हवेतले थेंबच उजळून निघतील.

आता खरी गोष्ट. धुक्यात अंतर दिसतं ते गडद-फिक्याच्या फरकातून. माझ्या एका फोटोत पुढे कुंपणाचा ओला, जवळजवळ काळा खांब आहे, तारेवर थेंब लटकलेत. मागे तीन झाडं. पहिलं गडद करडं, दुसरं फिकट, तिसरं आहे की नाही असं वाटावं इतपत. खांब बोटाने झाकून पाहिला की ती झाडंही सपाट होतात. नुसत्या धुक्याचा फोटो म्हणजे कोरा कागद. जवळ एक तरी गडद गोष्ट हवीच. ती सापडेपर्यंत मी कॅमेरा बॅगेतून काढतही नाही.

एडिटिंगमध्ये हाच फरक जपायचा. डीहेझ पूर्ण फोटोवर लावलं की तिसरं झाडही पहिल्याइतकं गडद व्हायला बघतं आणि रंग भडकतात. तुम्हाला दिसणारी घाण बहुधा हीच. मी त्या खांबापुरता मास्क केला, म्हणजे बदल तेवढ्याच भागावर लागेल असं केलं, आणि तिथेच डीहेझ +१५ दिलं. मागच्या झाडांना उलट -८. काळा रंगही फक्त खांबातच येऊ दिला, दूरच्या झाडांत खरा काळा नसतोच. पांढरा समतोल (व्हाइट बॅलन्स) ऑटोवर सोडू नका, तो पहाटेचा निळेपणा धुऊन टाकतो. निळेपणा फार वाटला तर थोडा कमी करा, सगळा नको.

हे सगळं रॉ फाइलवरच, म्हणजे सेन्सरची मूळ माहिती ठेवणाऱ्या फाइलवर. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. धुक्याचा उतार इतका मऊ असतो की जेपेग जरा ताणला तरी आकाशात पट्टे उमटतात. सेन्सरवरची धूळही अशा सपाट करड्यात ठळक दिसते. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान करून एफ १६ वर नेलंत तर आणखीच, म्हणून मी बहुतेक वेळा एफ ८ वर थांबतो.

लेन्स पुसायचं कापड खिशात ठेवा, बॅगेत नको. मी एकदा सगळी सकाळ, चाळीसेक फ्रेम, लेन्सवर दव धरलेलं असताना काढल्या आणि मनात म्हणत होतो, वा, आज धुकं काय मऊ आहे! तेव्हापासून दर चारपाच फ्रेमनंतर काच बघतो. आणि थंडीतून उबदार घरात आल्यावर कॅमेरा बंद बॅगेतच तासभर राहू द्या, नाहीतर गार काचेवर वाफ धरते. मेमरी कार्ड मात्र बाहेर असतानाच काढून घ्या. तासभर धीर धरवत नाही, अनुभवाने सांगतो.