बायोडाटातली छंदांची ओळ

पत्र थोडक्यात असं आहे: "ताई, मी २५ वर्षांची, सोलापूरला नोकरी करते. घरी लग्नाचं बघतायत. बायोडाटात छंद म्हणून मी खरं तेच लिहिलं, की भयकथा, ड्वेन जोन्स आणि टोनी टॉड या ब्लॅक नटांचे सिनेमे, अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांचा इतिहास. बाबांनी लाल पेनने ते खोडलं आणि वर 'वाचन, रांगोळी, जुनी गाणी' लिहिलं. म्हणाले, त्या लोकांचं तुला काय गं? चुलत बहीण म्हणते तीन-तीन नाद कसले, एक काहीतरी धड धर. आणि मला स्वतःलाच एक टोचतं, की दुसऱ्यांच्या दुःखावर मी भीतीची मजा तर घेत नाहीये ना? बायोडाटाचा फोटो पाठवतेय. — रात्री जागणारी"

प्रिय रात्री जागणारी,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना बाबांपेक्षा तुझ्या बहिणीचाच जास्त राग आला, कारण हे तीन नाद नाहीतच गं, एकच आहे, आणि ते तुझ्याच पत्रात खाली लिहिलंयस तू. 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड'चा शेवट बघून लॅपटॉप मिटलास आणि मग पहाटेपर्यंत फोनवर ब्लॅक लोकांच्या लिंचिंगबद्दल, म्हणजे जमावाने त्यांना मारण्याबद्दल, वाचत बसलीस. यात भूत कुठे संपलं आणि इतिहास कुठे सुरू झाला, सांग बरं.

तो सिनेमा १९६८चा. त्यातला नायक बेन ब्लॅक असावा असं स्क्रिप्टमध्ये नव्हतंच, ऑडिशन सगळ्यात चांगली ड्वेन जोन्सची झाली म्हणून त्याला घेतलं. दिग्दर्शक रोमेरोने पुढे सांगितलंय की सिनेमा पूर्ण करून प्रिंट घेऊन ते गाडीने न्यूयॉर्कला निघाले होते आणि रेडिओवर बातमी लागली की मार्टिन ल्युथर किंगना गोळी घातली. आता तो शेवट परत आठव. अख्खी रात्र जिवंत होऊन उठलेल्या प्रेतांशी झुंजून बेन एकटा वाचतो आणि सकाळी वाचवायला आलेली बंदूकवालीच माणसं त्याला खिडकीत बघून गोळी घालतात, मग ते दाणेदार फोटो, आणि हातात मांस ओढायचे आकडे घेतलेली माणसं. अमेरिकेत ज्यांच्या घरी लिंचिंगच्या आठवणी होत्या त्यांना ते फोटो बघून काय वाटलं असेल, याचा मी अजून विचार करते.

माझी आजी आम्हाला तिन्हीसांजेनंतर विहिरीकडे जाऊ द्यायची नाही, हडळ बसलेली असते म्हणायची, आणि आम्ही जायचो नाही. तिने ते मायेपोटी केलं. पण अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांनी रात्री मळा सोडून जाऊ नये म्हणून मालकच भुताच्या गोष्टी पसरवायचे, पांढऱ्या चादरी घेऊन रस्त्यावर उभे राहायचे. १८६५ला गुलामी संपली तर लगेच त्याच वर्षी टेनेसीत कु क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांची दहशत बसवणारी गुप्त संघटना निघाली आणि तिचे लोक यादवी युद्धात मेलेल्या दक्षिणेच्या सैनिकांची भुतं बनून ब्लॅक लोकांच्या दारात यायचे. १८७१मध्ये सरकारने या प्रकारांची चौकशी केली, तेव्हाच्या साक्षी वाच तू. कुणी आवाजावरून ओळखलंय, कुणी घोड्यावरून, की हा तर आपला शेजारी. त्यांना भुताची भीती नव्हतीच वाटत, त्या चादरीखाली कोण आहे ते माहीत होतं म्हणून वाटत होती. म्हणून सांगते, ब्लॅक लोकांचा इतिहास भयकथेशिवाय सांगताच येत नाही, तू दोन्ही एकत्र वाचतेस ते बरोबरच करतेस.

आता ते टोचणं. ते टोचतंय हे चांगलं आहे, पण त्यासाठी आवड सोडू नकोस. टोनी टॉडचा 'कॅंडीमॅन' (१९९२) घे. त्यातला कॅंडीमॅन म्हणजे गुलामाचा मुलगा, चित्रकार, गोऱ्या मुलीवर प्रेम केलं म्हणून जमावाने हात कापला आणि अंगाला मध फासून मधमाश्या सोडल्या. टॉडने सिनेमातल्या मधमाश्यांच्या सीनसाठी खऱ्या मधमाश्या तोंडात घेतल्या होत्या, तेवीस डंख बसले आणि करारात प्रत्येक डंखाचे हजार डॉलर ठरवून घेतले होते, हे तो स्वतः सांगायचा. हे वाचून मजा वाटते, वाटू दे, त्यात काही पाप नाही. पण तिथेच थांबलीस तर ते टोचणं जाणार नाही. सिनेमातली गोष्ट रचलेली आहे, पण तसे जमाव खरे होते, आणि त्या जमावांनी मारलेल्या माणसांना नावं होती.

त्यासाठी आयडा बी. वेल्स या ब्लॅक पत्रकार बाईचं वाच, मी अगदी हात जोडून सांगते. जन्म गुलामीतच, १८६२चा. १८९२मध्ये मेम्फिसमध्ये तिच्या ओळखीच्या तीन माणसांना जमावाने मारलं, त्यांचा गुन्हा काय तर त्यांचं किराणा दुकान चांगलं चालत होतं आणि समोरच्या गोऱ्या दुकानदाराला ते खुपत होतं. वेल्सने एकेक प्रकरण काढून तपासलं, कुणाला कुठे कशासाठी मारलं, आणि छापलं. त्यावर जमावाने तिच्या पेपरचं ऑफिस फोडलं, ती परत मेम्फिसला राहायला जाऊ शकली नाही, पण लिहिणं थांबवलं नाही. त्याच वर्षीच्या तिच्या पुस्तिकेच्या नावातच 'हॉरर्स' हा शब्द आहे, 'सदर्न हॉरर्स', म्हणजे तुझा आवडता शब्द तिने शंभर वर्षं आधी खऱ्या गोष्टीसाठी वापरून ठेवलाय. एक सिनेमा बघितलास की अशा एका खऱ्या माणसाबद्दल वाच, वहीत नाव लिही. मी असंच करते आणि मला आता ते टोचत नाही.

राहिले बाबा. तू लिहिलंयस की हॉलमध्ये जोतीरावांचा फोटो आहे आणि बाबा दर ११ एप्रिलला हार घालतात. मग वाद घालू नकोस, 'गुलामगिरी' काढ आणि अर्पणपत्रिका त्यांच्यासमोर ठेव. १८७३ साली पुण्यात बसून जोतीरावांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना अर्पण केलंय ज्यांनी तिथल्या गुलामांना सोडवण्यासाठी झीज सोसली. 'त्या लोकांचं तुला काय' याचं उत्तर तुझ्या घरात भिंतीवरच आहे, आणि ते मुलीने तावातावाने सांगण्यापेक्षा बाबांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं बरं. चहाच्या वेळी दे, आणि वाचत असताना शेजारी बस, काही बोलू नकोस.

अजून एक, तू विचारलं नाहीयेस पण राहवत नाही. फोटो मोठा करून बघितला. छंदांच्या वर चौथ्या ओळीत 'वर्ण : निमगोरा' लिहिलंय, आणि ती ओळ कुणीच खोडलेली नाही, तूसुद्धा नाही. एवढं सगळं वाचणाऱ्या मुलीच्या कागदावर ती ओळ बघून मला खरंच वाईट वाटलं. नवीन प्रिंट काढशील तेव्हा ती काढून टाक, आणि छंदांत भयकथा आणि इतिहास एवढं ठळक लिही. नटांची नावं मुलगा बघायला येईल तेव्हा तोंडी सांग, ड्वेन जोन्स कोण असं त्याने विचारलं तर तासभर गप्पा होतील, आणि नाही विचारलं तर तेही कळेल.

बाबांनी ते पान वाचलं की मला लिही, काय म्हणाले ते.

तुझी ताई